नवी आवृत्ती, जुन्या अटी : नेटवर्क व्हर्च्युअलायझेशनविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे व्हीएमवेअरच्या एनएसएक्स या प्लॅटफॉर्मच्या नव्या आवृत्त्यांविषयी आहेत. ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. स्विच, राउटर आणि फायरवॉल यांची कामे स्वतंत्र पेट्यांतून काढून सर्व्हरवरच्या हायपरव्हायजरमध्ये (एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या थरामध्ये) सॉफ्टवेअरच्या रूपाने आणणे, आणि आभासी यंत्रांची पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, दुसऱ्या पॅकेटच्या वेष्टनात घालून मूळ नेटवर्कवरून वाहून नेणे, याला नेटवर्क व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. २००७ मध्ये स्थापन झालेली निसिरा ही कंपनी व्हीएमवेअरने २०१२ मध्ये विकत घेतली आणि तिच्या तंत्रज्ञानावर आधारलेले एनएसएक्स २०१३ मध्ये जाहीर झाले. त्याची पहिली शाखा, म्हणजे एनएसएक्स-व्ही, जानेवारी २०२२ मध्ये सर्वसाधारण सपोर्टमधून बाहेर गेली. एनएसएक्स-टी या दुसऱ्या शाखेच्या नावातले ‘टी’ २०२२ मधल्या ४.० आवृत्तीपासून गळाले, आणि पुढे ४.१, ४.२ व ९.० अशा आवृत्त्या आल्या. पत्रे लिहिणारे वाचक मुख्यतः ३.२ वर थांबलेले किंवा नुकतेच ४ च्या मालिकेत आलेले आहेत.

नव्या आवृत्तीसोबतच्या रिलीज नोट्समध्ये नव्या सोयी वरच्या बाजूला असतात आणि मर्यादा बऱ्याच खाली. आम्हाला आलेल्या पत्रांत मात्र हा क्रम उलटा आहे, म्हणून उत्तरेही त्याच क्रमाने दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे ३.२ आवृत्ती आहे. काही होस्ट (आभासी यंत्रे चालवणारे सर्व्हर) व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायजरचे असून त्यांवर एनएसएक्सचा एन-व्हीडीएस हा आभासी स्विच आहे, तर काही होस्ट केव्हीएम या मुक्तस्रोत हायपरव्हायजरचे आहेत. ४ च्या मालिकेत या दोन्ही गोष्टी नाहीत असे वाचले. पूर्वी त्या फक्त ‘डेप्रिकेटेड’ होत्या. मग आता आमचे अपग्रेड अडलेच म्हणायचे का?

उत्तर : ‘डेप्रिकेटेड’ म्हणजे मावळतीला लागलेली सोय. ती आज चालते, तिच्यासाठी सपोर्टही मिळतो, पण पुढच्या एखाद्या मोठ्या आवृत्तीत ती नसेल अशी ती पूर्वसूचना असते. तो शब्द वाचून ‘अजून चालते आहे ना’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांची नंतर ऐन वेळी धावपळ होते, आणि आपल्याबाबतीत नेमके तेच झालेले दिसते. ईएसएक्सआय होस्टवरचा एन-व्हीडीएस आणि केव्हीएम होस्टना असलेला आधार या दोन्ही गोष्टी ४.० पासून काढून टाकल्या आहेत. एज नोडच्या (बाहेरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या एनएसएक्सच्या यंत्राच्या) आत एन-व्हीडीएस अजूनही असतो, त्यामुळे तिथे ते नाव दिसले तर दचकू नये.

ईएसएक्सआयचा भाग कष्टाचा असला तरी सुटणारा आहे. व्हीस्फिअर ७.० (ईएसएक्सआय आणि सगळे होस्ट सांभाळणारा व्हीसेंटर यांचा संच) बरोबर आलेला व्हीडीएस हा आभासी स्विच एनएसएक्सचे सेगमेंट (आभासी नेटवर्क) थेट वाहून नेऊ शकतो, म्हणून ३.२ वर असतानाच सर्व होस्ट एन-व्हीडीएसवरून व्हीडीएसवर हलवावेत आणि त्यानंतरच ४ चा विचार करावा. या स्थलांतरासाठी साधन दिलेले आहे. ते एकेक होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये घेऊन काम करते, तेव्हा क्लस्टरमध्ये एक होस्ट बाजूला काढला तरी बाकीच्यांवर भार पेलेल एवढी मोकळीक आधी आहे का, ते पाहावे. व्हीसेंटर आणि होस्ट ७.० च्या मागे असतील तर पहिले अपग्रेड त्यांचे. आणखी एक बदल कागदावर किरकोळ वाटतो, पण विभागांच्या सीमा हलवतो. एन-व्हीडीएस एनएसएक्स मॅनेजरच्या ताब्यात होता, व्हीडीएस व्हीसेंटरच्या ताब्यात असतो. म्हणजे जो स्विच काल नेटवर्कवाल्यांचा होता, तो उद्या सर्व्हरवाल्यांच्या पडद्यावर दिसेल, आणि त्याचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) किंवा अपलिंक (खऱ्या नेटवर्ककडे जाणारा दुवा) बदलण्याचा अधिकार कोणाचा हे आधी ठरवलेले नसेल तर पहिल्याच बिघाडात दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतील.

केव्हीएमच्या बाबतीत असा मार्ग नाही. तिथली यंत्रे एकतर ईएसएक्सआयवर न्यावी लागतील, नाहीतर केव्हीएम तसेच ठेवून त्याच्या नेटवर्कसाठी ओव्हीएनसारखा मुक्तस्रोत पर्याय घ्यावा लागेल. दुसऱ्या वाटेत एनएसएक्समधले फायरवॉलचे नियम आपोआप येत नाहीत, ते नव्याने लिहावे लागतात. एकाहून अधिक हायपरव्हायजर सांभाळता येणे हेच एनएसएक्स-टीचे एनएसएक्स-व्हीहून मोठे वेगळेपण म्हणून सांगितले जात होते. त्या भरवशावर ज्यांनी केव्हीएम जोडले, त्यांनाच आता पाय मागे घ्यावा लागतो आहे, ही तक्रार आम्हाला रास्त वाटते.

प्रश्न : ओव्हरले सेगमेंट (वेष्टनातून चालणारे आभासी नेटवर्क) तयार केले. दोन यंत्रांमध्ये पिंग होते, लॉगइनही होते, पण मोठी फाइल पाठवली की जोडणी लटकते. नव्या आवृत्तीत हा दोष सुधारला आहे का?

उत्तर : वर्णनावरून हा सॉफ्टवेअरचा दोष वाटत नाही, एमटीयूचा हिशेब चुकलेला दिसतो. कोणत्याही आवृत्तीने तो सुटणार नाही, कारण तो एनएसएक्सच्या बाहेर, खऱ्या स्विचमध्ये आहे.

हिशेब असा. आभासी यंत्र १५०० बाइटांचे आयपी पॅकेट बाहेर काढते. त्याला स्वतःचे १४ बाइटांचे इथरनेट शीर्ष असते, म्हणजे १५१४. एनएसएक्स हे सगळे जिनीव्ह या वेष्टनात घालते, त्याचे मूळ शीर्ष ८ बाइट, त्यावर यूडीपीचे ८ आणि बाहेरच्या आयपीचे २०. बेरीज १५५० झाली, आणि जिनीव्हच्या शीर्षात पुढे जोडल्या जाणाऱ्या वैकल्पिक माहितीची जागा यात धरलेलीच नाही. जुन्या एनएसएक्स-व्हीमधल्या व्हीएक्सलॅन या वेष्टनाचे शीर्ष ठराविक लांबीचे होते. जिनीव्हचे शीर्ष गरजेप्रमाणे लांबते, आणि त्याची खरी उपयुक्तता त्यातच आहे. म्हणून मूळ नेटवर्कचा एमटीयू निदान १६०० हवा, १७०० असल्यास उत्तम, आणि स्विच झेपवत असतील तर सरळ ९००० ठेवणे सर्वांत निर्धोक. आपल्याकडे वाटेतल्या एखाद्या स्विचवर तो १५०० च राहिला असावा. पिंग आणि लॉगइनची पॅकेट छोटी असल्याने ती सुखरूप जातात. फाइल पाठवताना टीसीपी पूर्ण आकाराची पॅकेट भरतो, ती स्विच मुकाट्याने टाकून देतो, आणि पाठवणाऱ्याला त्याची कसलीही सूचना जात नाही.

तपासणीसाठी एका ईएसएक्सआय होस्टच्या टनेल एंडपॉइंटवरून (वेष्टन घालण्या-काढण्याच्या टोकावरून) दुसऱ्या होस्टच्या टनेल एंडपॉइंटला व्हीएमके-पिंग (ईएसएक्सआयची पिंग आज्ञा) करावे, त्यात तुकडे न करण्याचा पर्याय द्यावा आणि आकार १५७२ ठेवावा. त्यात पिंगच्या आयसीएमपी शीर्षाचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की बरोबर १६०० होतात. १७०० तपासायचे असेल तर १६७२ लिहावे. या आज्ञेत नेटस्टॅकचे (होस्टमधल्या स्वतंत्र नेटवर्क-मांडणीचे) नाव अजूनही ‘व्हीएक्सलॅन’ असेच द्यावे लागते. वेष्टन बदलले तरी नाव जुनेच राहिले, त्यामुळे नवखा माणूस आपण चुकीची आज्ञा देत आहोत असे समजून थांबतो. तपासणी प्रत्येक रॅकमधल्या एका होस्टवरून आणि एज नोडवरूनही करावी. एज नोड विसरला जातो आणि बाहेर जाणारी रहदारी तेवढी लटकत राहते. एनएसएक्समध्ये एमटीयूची जुळणी दाखवणारे पान आहे, पण ते स्वतःच्या घटकांत लिहिलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहते. मधल्या खऱ्या स्विचवर काय लिहिले आहे, ते त्याला कळत नाही.

दुरुस्तीचा क्रम आधी खरे स्विच, मग व्हीडीएस आणि शेवटी टनेल एंडपॉइंट असा ठेवावा. गेटवेच्या (सेगमेंटमधून बाहेर नेणाऱ्या आभासी राउटरच्या) इंटरफेसचा एमटीयू टनेलच्या एमटीयूपेक्षा २०० ने कमी असू द्यावा. रॅकांच्या मध्ये फायरवॉल असेल तर जिनीव्हसाठी यूडीपी पोर्ट ६०८१ मोकळे आहे ना, तेही पाहावे. व्हीएक्सलॅनच्या काळात उघडलेले ४७८९ येथे उपयोगाचे नाही.

प्रश्न : बाहेरच्या जोडणीसाठी टिअर-० (सर्वांत वरच्या थरातल्या) गेटवेवर नॅट (पत्ते बदलण्याची सोय) आणि फायरवॉल लागतात म्हणून आम्ही तो ॲक्टिव्ह-स्टँडबाय ठेवला. एक एज नोड राबतो आणि दुसरा नुसता बसून असतो. ४.० च्या मालिकेपासून ‘स्टेटफुल ॲक्टिव्ह-ॲक्टिव्ह’ (सगळे नोड राबूनही जोडण्यांची आठवण ठेवणारी रचना) आल्याचे कळते. लगेच बदलावे का?

उत्तर : या मालिकेतली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी सोय हीच, पण ती घेण्याआधी तिची घडण समजून घ्यावी.

ॲक्टिव्ह-ॲक्टिव्ह गेटवे पूर्वीही होता. आठ एज नोडपर्यंत रहदारी वाटता येत असे, पण नेहमीचे नॅट आणि फायरवॉल त्यावर लावता येत नसत. कारण उघड आहे. ही कामे करणाऱ्या नोडला प्रत्येक जोडणीची आठवण ठेवावी लागते. जाणारे पॅकेट पहिल्या नोडमधून गेले आणि उत्तर तिसऱ्या नोडमधून आले, तर तिसऱ्याला ती जोडणी ओळखीची नसते आणि तो ते पॅकेट फेकून देतो. बाहेरचा राउटर उत्तर कोणत्या नोडकडे पाठवील यावर एनएसएक्सचा ताबा नाही. ४.०.१ मध्ये यावर तोडगा आला तो असा. जाणाऱ्या पॅकेटमध्ये ज्या पत्त्याकडे जायचे तो, आणि येणाऱ्या पॅकेटमध्ये ज्या पत्त्याकडून आले तो, म्हणजे दोन्ही वेळा बाहेरच्याच टोकाचा पत्ता घेऊन त्याचा हॅश (पत्त्यावरून गणिताने काढलेला आकडा) काढला जातो आणि त्यावरून त्या जोडणीचा धनी नोड ठरतो. पॅकेट दुसऱ्याच नोडवर उतरले तर तो ते धन्याकडे सरकवतो, धनी त्यावर काम करतो आणि मग ते पुढे जाते. नोडांच्या जोड्या लावलेल्या असतात आणि जोडीतले दोघे एकमेकांची आठवण जपतात, म्हणजे एक पडला तरी चालू जोडण्या तुटत नाहीत.

या रचनेतूनच तिच्या मर्यादा निघतात. नोडांची संख्या सम हवी. तीन नोड ठेवले तर तिसऱ्याला जोडीदार नसतो आणि तो पडला की त्याच्यावरच्या जोडण्या गेल्याच. पॅकेट सरकवण्यासाठी नोडांच्या आपसातल्या दुव्यावर जास्तीची रहदारी होते, ती क्षमतेच्या हिशेबात धरावी लागते. वाटणी बाहेरच्या पत्त्यावरून होत असल्याने आपली बहुतेक रहदारी बाहेरच्या एखाद्याच पत्त्याशी, समजा एकाच क्लाउड सेवेशी किंवा एकाच प्रॉक्सीशी होत असेल, तर ती सगळी एकाच धन्याकडे जाईल आणि बाकीचे नोड पुन्हा बसूनच राहतील. चार नोड असतील तर विकत घेतलेली क्षमता कागदावर चौपट झालेली असेल, प्रत्यक्षात मात्र एकपटच. नोडांवरचे इंटरफेस गटाने बांधावे लागतात आणि गटातल्या प्रत्येक नोडवर ते सारखेच असावे लागतात. आयपीसेक व्हीपीएन (दोन ठिकाणांमधला कूटबद्ध दुवा) त्याच गेटवेवर उतरत असेल तर ते या प्रकारात बसत नाही, त्यासाठी वेगळा ॲक्टिव्ह-स्टँडबाय गेटवे ठेवावा लागतो.

म्हणून आमचा सल्ला असा की आधी एक आठवडा बाहेरच्या पत्त्यांनुसार रहदारीची नोंद घ्यावी. ती पुरेशी विखुरलेली असेल आणि आजचा एकटा नोड खरोखर दमत असेल, तर चालू गेटवेला हात न लावता शेजारी नवा गेटवे बांधावा आणि एकेक टिअर-१ (त्याच्या खालच्या थरातला गेटवे) त्यावर हलवावा. नोड दमत नसेल तर स्टँडबाय नोड बसून आहे याचे वाईट वाटून घेऊ नये. त्याचे काम बसून राहण्याचेच आहे.

प्रश्न : एनएसएक्सचा विभाजित फायरवॉल आता आयपीएसही (घुसखोरी ओळखून अडवण्याचे काम) करतो म्हणतात. मग मधली खरी फायरवॉल काढून टाकावी का?

उत्तर : काढू नये. दोघांची जागा वेगळी आहे. विभाजित फायरवॉल प्रत्येक आभासी यंत्राच्या नेटवर्क कार्डापाशी नियम लावतो आणि यंत्र दुसऱ्या होस्टवर गेले तर नियमही त्याच्याबरोबर जातात. एकाच सेगमेंटमधल्या दोन यंत्रांमधली रहदारी थांबवणे मधल्या पेटीला जमत नाही, याला जमते. पण जी यंत्रे एनएसएक्सने तयार केलेल्या होस्टवर नाहीत, त्यांच्यापर्यंत याचा हात पोचत नाही. घुसखोरी ओळखणारा भाग ३.० मध्ये आणि ती अडवणारा भाग ३.१ मध्ये आला, मात्र कूटबद्ध रहदारीच्या पोटात काय आहे ते यंत्राच्या दारात उभ्या असलेल्या या पहारेकऱ्याला दिसत नाही.

दोन सापळे सांगून ठेवतो. नियमात नावाने बांधलेला गट वापरला, तर त्यातल्या यंत्रांचे आयपी पत्ते एनएसएक्सला कळावे लागतात. ते प्रामुख्याने व्हीएमवेअर टूल्सकडून (यंत्राच्या आत बसवायच्या व्हीएमवेअरच्या सॉफ्टवेअरकडून) कळतात, नाहीतर पत्ते शोधणाऱ्या एआरपी आणि पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीची देवाणघेवाण न्याहाळून. टूल्स बंद असतील आणि दुसरी सोय सुरू केलेली नसेल, तर गटात यंत्र दिसते पण पत्ता रिकामा राहतो आणि नियम कोणालाच लागू होत नाही. दुसरा सापळा अधिक महागात पडतो. एनएसएक्स मॅनेजर आणि एज नोड आपोआप फायरवॉलमधून वगळलेल्यांच्या यादीत असतात, पण व्हीसेंटर नसतो. शेवटचा सर्वसाधारण नियम ‘सोडा’वरून ‘अडवा’ केला आणि व्हीसेंटर त्याच होस्टांवर असला, तर ज्या दारातून आपण आत जातो तेच दार आपल्या हाताने बंद होते. तो यादीत आधी घालावा.

परवान्याविषयीही विचारणा आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यानंतर फायरवॉलचा भाग व्हीडिफेंड या नावाने वेगळा विकला जातो. सेगमेंट आणि राउटिंगचा परवाना आहे म्हणून फायरवॉलचाही आहे, असे धरून चालू नये.

प्रश्न : आमच्या आज्ञावली जुन्या मॅनेजर एपीआयवर (प्रोग्रामने एनएसएक्सला आज्ञा देण्याच्या वाटेवर) लिहिलेल्या आहेत आणि लोड बॅलन्सर (अनेक सर्व्हरांत भार वाटणारा घटक) एनएसएक्सच्या आतलाच वापरतो. दोन्ही चालतील का?

उत्तर : ४ च्या मालिकेत चालतील, पण दोन्ही मावळतीच्या यादीत आहेत. नवे लिखाण पॉलिसी एपीआयवरच करावे. त्यात पायऱ्या सांगायच्या नसतात, शेवटी काय हवे ते सांगायचे असते. जुन्या पद्धतीने तयार केलेले घटक पॉलिसीत आणणारे साधन उपलब्ध आहे, मात्र ते चालवल्यावर त्याच घटकांना जुन्या आज्ञावलींनी पुन्हा हात लावू नये. लोड बॅलन्सरसाठी कंपनी एव्ही या आपल्या वेगळ्या लोड बॅलन्सरकडे बोट दाखवते. तो वेगळा प्रकल्प म्हणून धरावा, अपग्रेडच्या रात्री उरकण्याचे ते काम नव्हे.

प्रश्न : अपग्रेड बिघडले तर मागे येता येते का? मॅनेजरचा स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची प्रत) घेऊन ठेवला तर?

उत्तर : स्नॅपशॉटवर विसंबू नये. तीन मॅनेजर मिळून एक क्लस्टर असतो आणि तिघांची माहिती एकमेकांशी जुळलेली असावी लागते. त्यातला एक कालच्या तारखेला परत नेला तर उरलेल्या दोघांशी त्याचे जुळत नाही. आधार घ्यायचा तो एसएफटीपीवर (वेगळ्या फाइल सर्व्हरवर) घेतलेल्या बॅकअपचा. त्यालाही अटी आहेत. बॅकअप ज्या आवृत्तीचा, त्याच आवृत्तीचा मॅनेजर नव्याने उभा करावा लागतो, आयपी पत्ता किंवा नोंदवलेले पूर्ण नाव पूर्वीचेच ठेवावे लागते, आणि बॅकअप घेताना दिलेला सांकेतिक वाक्यांश हाताशी असावा लागतो. जुन्या आवृत्तीची स्थापनेची फाइल जपून ठेवली आहे का, हे आजच पाहा. अपग्रेडच्या रात्री ती शोधत बसणे बरे नाही.

४ च्या मालिकेपर्यंत अपग्रेडचा क्रम आधी एज नोड, मग होस्ट आणि शेवटी मॅनेजर असा आहे. याचा फायदा म्हणजे होस्टांपर्यंतचे काम गटागटाने, कित्येक दिवसांत वाटून करता येते आणि मध्येच थांबता येते. मॅनेजरची पायरी मात्र सुरू केल्यावर पुरी करावीच लागते. त्या काळात चालू रहदारी थांबत नाही, कारण पॅकेट पुढे नेण्याचे ज्ञान होस्टांकडे उतरलेले असते. नवा सेगमेंट किंवा नवा नियम तेवढा करता येत नाही. हे संबंधितांना आधी कळवले तर त्या दोन-तीन तासांत येणारे बरेच फोन वाचतात.

प्रश्न : ४.२ नंतर एकदम ९.०? मधल्या आवृत्त्या आमच्या नजरेतून सुटल्या का?

उत्तर : सुटल्या नाहीत, त्या निघाल्याच नाहीत. २०२५ मध्ये व्हीएमवेअर क्लाउड फाउंडेशन (व्हीस्फिअर, एनएसएक्स इत्यादींचा एकत्र संच) ९.० आले, तेव्हा त्यातल्या सर्व घटकांचे आकडे एकसारखे करण्यात आले. मात्र आकड्याबरोबर दोन गोष्टी बदलल्या. एनएसएक्सचा होस्टवरचा भाग आता ईएसएक्सच्या (म्हणजे ९.० मधल्या ईएसएक्सआयच्या) स्थापना-प्रतिमेतच येतो, त्यामुळे वर सांगितलेला अपग्रेडचा क्रम ९.० ला जसाच्या तसा लागू नाही. आणि ९.० चे एनएसएक्स सुटे मिळत नाही, क्लाउड फाउंडेशनबरोबरच घ्यावे लागते. आपल्याकडे आज ते सुटे असेल, तर ४.२ वर किती काळ थांबायचे हा प्रश्न नेटवर्क विभागाइतकाच खरेदी विभागाचाही आहे, आणि तो त्यांच्यासमोर आताच ठेवलेला बरा.